डाव्या पिळाची मोळी

पुण्यात सल्ला विकून पोट भरता येतं, हे माळखडीच्या लोकांना काही केल्या पटत नव्हतं. माळखडीत सल्ला फुकट मिळायचा. मारुतीच्या पारावर नुसतं टेकलं की न मागता मिळायचा, आणि तरीही कुणी घेत नसे. त्यामुळे गहिनीनाथ पालवे साखर कारखान्यातली केमिस्टची पक्की नोकरी सोडून पुण्याच्या सल्लागार कंपनीत गेला, तेव्हा गावाने आधी त्याच्या डोक्याची काळजी केली आणि मग त्याच्या आईची.

माळखडी पाथर्डीच्या अंगाला, नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरड्या मुलखात. खरिपाची बाजरी आली तर आली, नाहीतर नुसता कडबा. दसरा झाला की गाव बैलगाड्या जुंपायचं आणि नदीकाठच्या बागायतीत, साखर कारखान्यांच्या उसात, तोडणीला जायचं. मागे उरायची म्हातारी माणसं आणि कुत्री. गहिनीनाथचे आईबापही असेच कोयता घेऊन जात. बाप लवकर गेला. आई, साळूबाई, त्यानंतरही दिराच्या टोळीत जात राहिली आणि पोराला नगरच्या वसतिगृहात ठेवून शिकवत राहिली. पोरगा बी. एस्सी. झाला, साखरेचं पुढचं शिक्षण घेऊन केमिस्ट झाला. पहिला पगार हातात आला तेव्हा त्याने आईचा कोयता काढून घेतला आणि घराच्या आढ्याला खोचून ठेवला. त्यानंतर साळूबाई उसात गेली नव्हती.

पुण्याची कंपनी म्हणजे डेक्कनवरच्या दोन खोल्या आणि त्यांचे मालक माटे. तालुक्या-तालुक्याला सहकारी साखर कारखान्याची स्वप्नं पडायचे ते दिवस होते. स्वप्न पडलं की आधी प्रकल्प अहवाल लागायचा, आणि तो माटे करून द्यायचे. यंत्रांचं बघायला त्यांच्याकडे इंजिनियर होता, आकडेमोडीला हिशेबनीस होता. नव्हता तो उसातला माणूस. इथे कारखाना चालेल का, या एका प्रश्नाचं उत्तर देणारा. गहिनीनाथला घेतलं ते त्यासाठी.

पहिल्याच दिवशी माट्यांनी त्याला आपल्या धंद्याचं मर्म सांगून टाकलं होतं. तुम्हाला गोड बोलता आलं नाही तरी चालेल, तुमचं म्हणणं बरोबर निघालं पाहिजे. दोन-चारदा बरोबर निघालं की लोक तुमच्या नावाने येतील. एकदा चुकलं की माझ्याही नावाने येणार नाहीत. तोवर अहवालावर सही माट्यांचीच राहणार होती. गहिनीनाथचं पहिलं स्वतंत्र काम पार पडलं की मग कंपनीच्या कागदावर, वरच्या कोपऱ्यात, त्याचं नाव छापलं जाणार होतं, आणि त्याखाली 'साखर उद्योगतज्ज्ञ'. गहिनीनाथला ते नाव हवं होतं. इतकं हवं होतं, की एकदा कोऱ्या कागदावर ते कसं दिसेल ते त्याने लिहून पाहिलं आणि कुणी बघायच्या आत फाडून टाकलं.

आणि ते पहिलं स्वतंत्र काम आलं तेच नेमकं माळखडीचं.

कारखान्याची नियोजित जागा माळखडी, आणि मुख्य प्रवर्तक सहादेव मुकादम. म्हणजे गहिनीनाथचा सख्खा चुलता. गहिनीनाथने फाइल परत माट्यांच्या टेबलावर ठेवली. माझंच गाव आहे, माझाच चुलता आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणाला. माटे म्हणाले, दुसरा आणू कुठून? शिवाय त्या लोकांनी तुमचं नाव घेऊनच मागणी केली आहे. मग चष्मा पुसता पुसता त्यांनी हेही सांगितलं, की अहवाल अनुकूल गेला तर पुढचं सगळं काम आपल्याच कंपनीकडे येईल. हे मी तुम्हाला काही सुचवत नाही, फक्त तुमच्या कानावर असावं. माटे न सुचवता बरंच काही कानावर घालत असत.

सहादेव मुकादम काही लबाड माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. उभा जन्म त्याने टोळ्या नेल्या होत्या. दुसऱ्यांच्या कारखान्यांचे धुराडे बघितले होते, चेअरमन लोकांच्या जीपला हात जोडले होते. त्याच्या टोळीतल्या कितीतरी बायका फडात बाळंत झाल्या होत्या आणि एक-दोघींनी तिथेच जीव सोडला होता. आपल्या माळावर धुराडं उभं राहिलं तर गावाला गाव सोडावं लागणार नाही, एवढंच त्याच्या मनाने घेतलं होतं. एकदा घेतलं म्हणजे घेतलं. पाटाचं पाणी येणार, असं कागदोपत्री होतंच. त्यावर विसंबून त्याने शेजारच्या वाड्यावस्त्यांतून सभासद गोळा केले आणि माळावर नारळसुद्धा फोडून घेतला.

भादव्यात, टोळ्या अजून गावातच असताना, गहिनीनाथ जीप घेऊन आला. जीप नगरहून भाड्याने केलेली, ड्रायव्हर रंगनाथ. वेशीवर हलगी वाजली, फेटा बांधला गेला, लहानपणी ज्यांनी याला पळवून पळवून मारलं होतं त्यांनी वाकून नमस्कार केला. चुलत्याने चारचौघांत त्याला साहेब म्हटलं. गहिनीनाथला ते सोसवेना आणि आवडलंही.

मग ऊस दाखवायला निघाले. मुकादम पुढच्या सीटवर बसून रस्ता सांगत होता. ओढा ओलांडून जीप एका हिरव्यागार फडापाशी थांबली. ऊस खरंच चांगला होता, डोक्याच्या वर गेलेला, भरदार. कडेला कोरं धोतर नेसलेला कानिफनाथ उभा होता, आणि हा फड त्याचा, असं मुकादम म्हणाला. कानिफनाथने पाहुणचार म्हणून हिरव्या शेंड्यांनी बांधलेली उसाची एक छोटी मोळी जीपमध्ये ठेवली. गहिनीनाथने एक कांडं कापून रसाचा थेंब आपल्या नळकांडीत घातला आणि ती डोळ्याला लावली. रसात गोडी किती ते त्यात दिसे. ती दुर्बीण बघून लोक खूश झाले.

तिथून जीप बरीच वळणं घेत, बाभळीच्या बनातून, देवीच्या टेकडीला वळसा घालून दुसऱ्या फडापाशी आली. हा गोरक्षचा. तिथेही कोरं धोतर, तिथेही मोळी. मग पांदीतून धूळ खात तिसरा फड, आणि दिवस कलताना चौथा. ऊस सगळीकडे तसाच चांगला, एकाच वयाचा, एकाच वाणाचा. आणि नळकांडीतली रेघही सगळीकडे एकाच जागी. एकच घर चार दारांनी दाखवावं तसा बारवेच्या मळ्यातला एकुलता एक फड त्यांनी त्याला चार बाजूंनी दाखवला होता. सगळ्या शिवारात भादव्यात पाणी असलेली विहीर ती एवढीच, आणि तिच्या काठावर शेळ्या चारत गहिनीनाथ लहानाचा मोठा झाला होता. चुलता हे कसं विसरला, कुणास ठाऊक. माणसाला फेटा बांधला की त्याचं लहानपण पुसलं जातं, असं त्याला वाटलं असावं.

पण गहिनीनाथला ते मळ्यावरून उमगलं नाही. बनातून फिरवल्यामुळे त्याला खरंच दिशा कळली नव्हती. त्याला कळलं ते मोळ्यांवरून. दुसरी मोळी जीपमध्ये पडली तेव्हाच त्याची नजर तिच्या बंधावर गेली. मोळी बांधताना उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, पिळून त्याचा दोर करतात आणि टोक आत खोचतात. सगळ्या जगाचा पीळ उजवीकडे जातो. या मोळ्यांचा डावीकडे गेला होता. साळूबाई डावखुरी होती. कारखान्याच्या आवारात शंभर मोळ्यांच्या ढिगातून आईची मोळी शोधून तिच्यावर जाऊन बसायचं, हा गहिनीनाथचा लहानपणचा खेळ होता. तिसरी मोळी आली, चौथी आली. चारही मोळ्या तिच्याच हातच्या होत्या.

त्याने सगळ्यांचे नमस्कार घेतले, चहा घेतला. रंगनाथ मात्र ड्रायव्हर असल्यामुळे त्याला गप्प राहायचं कारण नव्हतं. जीप पुसता पुसता तो म्हणाला की साहेब, त्या एका वाकड्या लिंबाला मी आज चौथ्यांदा वळसा घातला. गहिनीनाथने त्याला जेवून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच पायी शिवार हिंडला. विहिरींत दगड टाकून पाहिले, बारवेखेरीज सगळीकडे ते कोरड्या तळावर आपटल्याचाच आवाज आला. पाटाची आखणी जिथे संपत होती तिथपासून माळखडी किती दूर आहे तेही चालून पाहिलं. मनात कुठेतरी आशा होती, की आपल्या लहानपणानंतर काही बदललं असेल. काही बदललेलं नव्हतं. या रानात कारखाना उभा राहिला तर पहिल्या हंगामात थोडा चालेल, दुसऱ्यात बंद पडेल, आणि माणसं पुन्हा कोयते घेऊन जातील. फरक एवढाच, की भागभांडवलात घातलेलं किडूकमिडूक तेवढं बुडालेलं असेल.

दिवेलागणीला तो घरी आला. साळूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याने चारी मोळ्या जीपमधून काढून दाराशी आणून ठेवल्या होत्या. त्या बघून तिने मान खाली घातली नाही की काही नाही.

“सहादेवतात्यांनी बांधायला लावल्या?” त्याने विचारलं.

“लावायचं कशाला? म्या बांधल्या. सकाळच्या पारी समद्या बसून बांधल्या.”

“मी ओळखीन हे ठाऊक होतं तुला.”

“व्हय. म्हनूनच बांधल्या.” तिने भाकरी तव्यात टाकली. “दुसऱ्या कुनी बांधल्या असत्या तर तू साहेब म्हनून बघितलं असतंस. माझ्या हातच्या बघून तरी घरचा म्हनून बघशील, असं वाटलं.”

गहिनीनाथ तिच्याजवळ बसला आणि तिला समजावू लागला. कारखान्याला रोज किती ऊस लागतो, इथे तो कसा नाही, बाहेरून आणला तर वाहतुकीतच कसं दिवाळं निघेल. त्याने सगळं सोपं करून सांगितलं. हा त्याचा धंदाच होता. तिने मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटची भाकरी टोपल्यात टाकून ती म्हणाली,

“इतकी वर्सं मान्सं उसाकडं गेली, गहिन्या. एकदा तरी ऊस मान्सांकडं येऊ दे की.”

याला उत्तर होतं. तोडलेल्या उसातली साखर तासातासाने उतरत जाते, ऊस लांबून आणायचा म्हणजे पाणी विकत आणण्यासारखं आहे, हे तो एखाद्या चेअरमनला घोळवून सांगू शकला असता. आईला त्याने सांगितलं नाही. त्याला रडू येत होतं, आणि रडू आलं तर आपण हो म्हणून बसू, ही भीती वाटत होती. तो जेवला आणि पहाट व्हायची वाट न बघता तसाच जीपमध्ये बसून नगरला गेला.

अहवाल लिहायला त्याने मुद्दाम उशीर केला असं नाही, पण लेखणी जड झाली होती खरी. दोनदा त्याने 'पाटाचे पाणी आल्यास' अशी सुरुवात करून बघितली. त्या एका वाक्याच्या आडोशाने काहीही लिहिता आलं असतं आणि कुणी त्याला खोटं म्हणू शकलं नसतं. गाव खूश, माटे खूश, कागदावर नाव. मग त्याला टोळीतल्या त्या फडातच दगावलेल्या बायका आठवल्या, पण त्यांच्यामागे दुसऱ्या हंगामातलं बंद धुराडंही दिसलं. शेवटी त्याने सरळ लिहिलं, की माळखडी इथे साखर कारखाना चालण्याइतका ऊस नाही आणि नजीकच्या काळात होण्याची शक्यता नाही. चार फडांची गोष्ट त्याने लिहिली नाही. एकच फड पाहिला, असं लिहिलं.

माट्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पंधरा दिवस ते त्याच्याशी कामापुरतंच बोलले. पण अहवालातला एक शब्द त्यांनी बदलला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

माळखडीत बातमी पोचली तेव्हा काय झालं ते गहिनीनाथला कुणी कळवलं नाही. दिवाळीला तो फराळाचे डबे आणि आईला नऊवारी घेऊन गेला, तर घराला कुलूप. शेजारची छबूबाई, जिच्याच्याने आता ऊसतोड होत नव्हती, ओट्यावर बसली होती. तिने त्याला पाणी दिलं, बस म्हणाली, आणि मग सांगितलं की साळू टोळीबरोबर गेली. मुकादम नको म्हणत होता. पोरगं साहेब हाय, लोकं काय म्हनतील, असं त्यानं सांगून बघितलं. तर म्हणाली, समद्या गावाला जायचं माझ्या पोरानं लिहून दिलं, मग मी एकटीच घरात कशी बसू? गहिनीनाथने फटीतून आत वाकून पाहिलं. आढ्याला खोचलेला कोयता तिथे नव्हता. फराळाचे डबे त्याने छबूबाईकडे ठेवले आणि नऊवारी परत घेऊन आला.

ती कोणत्या कारखान्यावर गेली ते विचारलं असतं तर सापडलं असतं. छबूबाईलाच विचारलं असतं तरी कळलं असतं. त्याने विचारलं नाही. तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं त्याचं धाडस झालं नाही.

इकडे मात्र वेगळंच घडलं. कारखान्यांना कर्ज देणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेत तो माळखडीचा अहवाल गेला. तिथे नकाराचे अहवाल येत नसत. सल्लागार कशाला नकार देतील, कामच जातं त्यांचं. तिथल्या साहेबांनी चौकशी केली, तेव्हा हा नकार लिहिणारा त्याच गावचा आणि प्रवर्तकाचा पुतण्या आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी माट्यांना बोलावून घेतलं आणि यापुढे उसाचा अंदाज या माणसाचा असेल तर आम्हाला दुसरी तपासणी लागणार नाही, असं सांगितलं. कामं यायला लागली. संक्रांतीच्या सुमारास कंपनीचे नवे कागद छापून आले. वरच्या कोपऱ्यात गहिनीनाथ पालवे, साखर उद्योगतज्ज्ञ. माट्यांनी पेढे वाटले. गहिनीनाथने एक पेढा खाल्ला आणि त्याला कोरं धोतर नेसून उभा राहिलेला कानिफनाथ आठवला. गावाला नाही म्हटल्याचा हा पेढा होता आणि तो गोड लागत होता, याची त्याला लाज वाटली.

माघात त्याला नदीकाठच्या एका जुन्या, भरभक्कम कारखान्यावर जायचं होतं. त्यांना गाळप दुपटीने वाढवायचं होतं आणि त्याचा अहवाल हवा होता. चेअरमन स्वतः आवार दाखवायला आले. गव्हाणीपाशी, जिथे ऊस पट्ट्यावर चढतो, तिथे बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. चेअरमन नव्या मिलबद्दल सांगत होते, गहिनीनाथ हं हं करत होता, आणि एका गाडीपाशी त्याचे पाय थांबले. वरच्याच मोळीचा पीळ डावीकडे गेलेला होता. त्याने गाडीला हात लावला. गाडीत खाली, आत, सगळ्या मोळ्या तशाच होत्या.

हा ऊस कुठल्या फडातला, तो फड मला बघायचा आहे, असं त्याने सांगितलं. पुण्याचा तज्ज्ञ थेट फडापर्यंत जातो म्हणून चेअरमन फार खूश झाले आणि त्यांनी लगेच जीप काढली.

साळूबाई फडाच्या कडेला मोळ्या बांधत होती. डोक्याला फडकं, हातांवर पाचटाचे ओरखडे, अंगाने निम्मी झालेली. तिने त्याला पाहिलं, हातातली मोळी बांधून पुरी केली, टोक खोचलं आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेअरमन जीपपाशीच थांबून कुणालातरी पाण्याच्या पाळीबद्दल सुनावत होते.

“आई, घरी चल,” तो म्हणाला.

“कंच्या घरी? गाव तर समदं हितं हाय.”

तिने हात केला तिकडे कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या, ओळीने. कुणाच्या तरी कोपीपुढे चूल धुमसत होती. कानिफनाथ बैलाला वैरण घालत होता. त्याने गहिनीनाथला पाहिलं आणि पाठ फिरवली. साळूबाईने एक ऊस निवडला, डाव्या हाताने कोयत्याचा एक घाव बुडाशी घातला, एक शेंड्याला, आणि मधला तुकडा त्याच्यापुढे धरला.

“खा. भादव्यातला त्यो पानचट हुता.”

त्याने तिथेच उभं राहून दाताने साल काढली आणि खाल्ला. ऊस अगदी भरात आलेला होता, दुर्बिणीची गरज नव्हती. ती त्याला खाताना बघत राहिली. आईच्या डोळ्यांत तो राग शोधत होता, आणि राग दिसेना म्हणून त्याला अधिकच वाईट वाटत होतं.

“हितं काय लिवनार हायेस?” तिने विचारलं.

“ऊस भरपूर आहे. कारखाना दुप्पट होईल.”

“आन तोडनार कोन?”

 साळूबाईने खाली वाकून वाढे उचलले आणि पिळायला घेतले.

“आमी येऊ की,” ती म्हणाली.

तो अहवाल त्याने पुण्यात बसून आठवड्याभरात लिहिला. ऊस, पाणी, रस्ते, वाहतूक, सगळ्याचे मथळे ठरलेले होते. तोडणी मजुरांच्या मथळ्याशी तो अर्धा दिवस अडकला. मग त्याने लिहिलं, की तोडणी मजूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांतून पुरेशा संख्येने उपलब्ध होतील. माट्यांनी वाचून मान हलवली आणि काही बदललं नाही. बदलण्यासारखं काही नव्हतंच, वाक्य बरोबर होतं. या वेळी खालची सही त्याची होती.